फोड 12 मिलिमीटरचा, काम 90 मिलिमीटरचं: किनाऱ्यावरच्या एका गाडीच्या गंजाचं प्रकरण

गाडी आठ वर्षांची, चंदेरी मेटॅलिक रंगाची लहान हॅचबॅक, 78,000 किलोमीटर चाललेली. मुक्काम रत्नागिरीत, समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत, आणि तोही उघड्यावर. महिन्यातून दोनदा मुंबई-गोवा महामार्गावरून लांबची फेरी. म्हणजे वरून खारा वारा, खालून तांबडा चिखल आणि समोरून पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी. गंजाला लागणारं सगळं या गाडीला घरबसल्या मिळतं.

गाडी ऑक्टोबरच्या मध्यावर तपासायला आली. मुख्य तक्रार मागच्या डाव्या चाकाच्या कमानीची. तिथं आधीच्या जानेवारीत एका गॅरेजमध्ये पुट्टी भरून रंग मारून घेतला होता. काम हातात पडलं तेव्हा चकाचक दिसत होतं. एक पावसाळा गेला आणि नेमक्या त्याच जागी रंगाखाली फोड आला, साधारण 12 मिलिमीटर व्यासाचा. त्याशिवाय बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके उडालेले, उजव्या पुढच्या दाराच्या खालच्या कडेला तपकिरी ओघळ आणि डिकीवर नारिंगी ठिपक्यांची पुरळ. मालकीणबाईंचा प्रश्न सरळ होता: एकदाची सगळी गाडीच रंगवून घेऊ का?

नको, हेच उत्तर होतं. कारखान्यात भाजून बसवलेला रंग शाबूत असेल तिथं त्याच्याइतकं टिकाऊ काही गल्लीतल्या गॅरेजमध्ये मिळत नाही. आणि फोडाखालचा गंज तसाच ठेवून वरून सगळी गाडी रंगवली, तर तोच फोड नव्या रंगातून वर येणार. आधी प्रत्येक डाग कुठून आला ते शोधायचं, मगच हत्यार उचलायचं.

डाग चार, कारणं चार

सर्वात आधी गाडी भरपूर गोड्या पाण्यानं धुतली. तांबड्या मातीचे डाग लांबून हुबेहूब गंजासारखे दिसतात. ते ओल्या फडक्यानं निघतात, गंज निघत नाही. कोकणातल्या गाड्यांची पाहणी न धुता केली की निम्मे डाग खोटे निघतात.

डिकीवरचे नारिंगी ठिपके धुऊन गेले नाहीत, पण बोट फिरवलं की खरखर लागत होती. रंग कुठंच उडालेला नव्हता. हा गाडीच्या पत्र्याचा गंज नव्हेच, हे बाहेरून येऊन रंगावर बसलेले लोखंडाचे कण. शेजारच्या बांधकामावर दोन महिने खिडक्यांच्या ग्रिलचं वेल्डिंग आणि ग्राइंडरचं काम चालू होतं आणि गाडी त्या बाजूला डिकी करून उभी असायची. ग्राइंडरची ठिणगी म्हणजे तापलेला लोखंडाचा कण. तो क्लिअरच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात रुततो आणि पहिल्या दवात तांबारतो. साबणाच्या पाण्याबरोबर क्ले बार, म्हणजे रंगावरचे कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, हलक्या हातानं फिरवला, तासाभरात डिकी गुळगुळीत झाली. काही ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहिले, पण ते क्लिअरपुरतेच. वर मेण चढवलं आणि हा विषय संपला. इथं कुणी वॉटर पेपर (पाण्यासोबत वापरायचा घासकागद) घेऊन बसलं असतं तर चांगला क्लिअर घासून काढला असता.

बॉनेटवर 14 टवके मोजले. इथं थरांची जाडी लक्षात ठेवावी लागते. पत्र्यावर सर्वात आधी विजेच्या मदतीनं बसवलेला गंजरोधक थर, साधारण 20 मायक्रॉनचा. त्यावर 30-35 मायक्रॉन प्रायमर, मग 12-15 मायक्रॉन चंदेरी रंग आणि वर 35-45 मायक्रॉन क्लिअर. सगळं मिळून 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे डोक्याचे दोन केस एकमेकांवर ठेवले तर जेमतेम तेवढं. टवका यातल्या कुठल्या थरापर्यंत गेला त्यावर काम ठरतं. खाली राखाडी, मंद रंग दिसत असेल तर गंजरोधक थर अजून जागेवर आहे आणि घाई नाही. चकाकी किंवा तपकिरी ठिपका दिसला तर पत्रा उघडा पडलाय.

डोळ्यांना संशय असेल तिथं मल्टिमीटर कामी येतो. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसऱ्या टोकाला सुई लावून ती टवक्याच्या मध्यावर अलगद टेकवायची. बीप आला की खाली उघडा पत्रा. रंग आणि प्रायमर वीज जाऊ देत नाहीत. गंजाचा थरही नीट जाऊ देत नाही, त्यामुळे तपकिरी दिसत असूनही बीप आला नाही तर ‘बरं आहे’ असं समजू नये. या गाडीत नऊ टवके प्रायमरपर्यंतचे निघाले आणि पाच पत्र्यापर्यंतचे. त्या पाचांपैकी दोघांवर जुलैत घरातलं नेलपॉलिश लावलेलं होतं. कल्पना वाईट नाही, पण ते भर पावसात, टवका ओला असताना लावलेलं. पाणी आत कोंडलं गेलं आणि या दोन जागी गंज बाकी तिघांपेक्षा जास्त पसरलेला होता. पावसाळ्यात तात्पुरतं झाकायचंच असेल तर आधी हेअर ड्रायरनं दोन मिनिटं सुकवावं, मग नेलपॉलिशचा थेंब लावावा आणि पावसाळा संपला की थिनरनं तो काढून खरी दुरुस्ती करावी.

दाराच्या ओघळाचं मूळ दाराच्या पोटात होतं. दारात पाणी शिरणं हा दोष नव्हे. काचेच्या रबरापासून ते शिरतंच आणि खालच्या कडेच्या भोकांतून निघून जातं. या दाराला तीन भोकं होती, त्यातली दोन कुजलेल्या पानांनी आणि धुळीनं बुजलेली. दाराच्या खालच्या कडेला बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो. त्या घडीत पाणी आठवडेच्या आठवडे साचून राहिलं आणि गंज आतून बाहेर आला. 70 मिलिमीटर लांबीत रंग किंचित उचललेला होता.

राहिली कमान.

खपलीखाली काय होतं

कमानीच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक ओठासारखी कड असते. हात घालून पाहिलं तर त्या कडेवर दोन मुठी घट्ट चिखल बसलेला, बाहेरचा ऑक्टोबरच्या उन्हात सुकलेला आणि आतला अजून ओलसर. हा चिखल नुसता ओला नसतो, खारटही असतो. पावसाळ्यात घरातल्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच इथं होतं. साधं मीठ हवेची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं आणि समुद्राच्या मिठात जे मॅग्नेशियम क्लोराईड असतं ते तर 33 टक्क्यांनाच. रत्नागिरीची हवा 33 टक्क्यांखाली क्वचितच जाते. म्हणजे जिथं समुद्राचं मीठ अडकलं ती जागा पाऊस नसतानाही पुरती सुकत नाही.

फोडावर टोच्याचं टोक टेकवून दाबलं. आरपार गेलं नाही, पत्रा खाली टणक लागला. ही तपासणी आधी करायची, कारण टोच्या आरपार गेला असता तर घरच्या दुरुस्तीचा प्रश्नच मिटला असता. तिथं कुजका पत्रा कापून नवा जोडणं हाच इलाज. भोकावर फायबरची जाळी आणि पुट्टी लावून देणारे बरेच आहेत, ते घेऊ नये.

मग जुन्या कटरच्या पात्यानं फोडाची कड उचलली. रंग आणि पुट्टी मिळून रुपयाएवढी खपली एका तुकड्यात निघून आली. वरून चंदेरी आणि चकचकीत. उलटी केली तर खाली विटकरी भुकटी आणि पुट्टीचा पृष्ठभाग बोटाला दमट. खपली सुमारे 2 मिलिमीटर जाडीची होती. पत्र्यावर रेड ऑक्साइडचा पातळ हात, त्याखाली न घासलेला गंज. म्हणजे जानेवारीत फोड वरून फोडला, रेड ऑक्साइड मारलं, खोलगट जागा पुट्टीनं सपाट केली आणि रंग दिला. गंज होता तिथंच राहिला.

हे परत का येतं हे समजून घेण्यासारखं आहे. दोन भागांची पॉलिएस्टर पुट्टी ही टाल्क भरलेली राळ असते आणि ती पाणी शोषते. वरून रंगानं झाकलेली असली तरी आतल्या कडेनं तिला पाणी मिळालं की ती ते पत्र्यापर्यंत पोचवते. साधं रेड ऑक्साइड ग्रिलला, गेटला ठीक आहे, कारण तिथं दर दोन वर्षांनी नवा हात बसतो. गाडीच्या कमानीत त्याचा थर पाणी अडवायला पुरत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून तो वाढला की वरचं सगळं उचलतो. फोड दिसतो तो गंजाचा मधला, जास्त फुगलेला भाग. त्याच्या भोवती रंगाखाली पातळ, सपाट गंज सरकलेला असतो आणि तो वरून दिसत नाही.

म्हणून खरं कसब हे, की गंजाची कड शोधायची. 80 नंबरच्या घासकागदानं मधून बाहेर घासत जायचं. काळपट-तपकिरी पत्रा, मग करडा, मग स्वच्छ चकाकणारा पत्रा आणि त्याच्या कडेला कारखान्याचा घट्ट बसलेला थर. चकाकणारा पत्रा सलग गोल फिरून किमान 5 मिलिमीटर रुंद दिसला की थांबायचं, त्याआधी नाही. कडेचा रंग कटरच्या टोकानं सहज उचलला जात असेल तर खाली अजून गंज आहे. 12 मिलिमीटरच्या फोडाची इथं 55 बाय 35 मिलिमीटरची उघडी जागा झाली. बघणाऱ्याचा जीव दडपतो, पण काम टिकणार की नाही हे इथंच ठरतं.

मधोमध काळे ठिपके राहिले. हे पत्र्यात खोल गेलेले खड्डे, पेपर त्यांच्या तळाला पोचत नाही. पेपरनं ते सपाट करायला गेलं तर 0.7 मिलिमीटरचा पत्राच निम्मा होईल. ड्रिलला लावलेला तारेचा छोटा ब्रश आणि सुईचं टोक वापरून जमेल तेवढं कोरलं. मग फॉस्फोरिक आम्लाचं गंजावरचं द्रावण कापसाच्या काडीनं फक्त ठिपक्यांवर लावलं. हातात रबरी मोजे हवेतच. वीस मिनिटं ठेवलं आणि सुकू न देता पुन्हा थोडं लावत राहिलं. अशी दोन आवर्तनं केली. आम्लानं गंजाचं लोह फॉस्फेट होतं आणि ठिपके काळसर राखाडी होऊन स्थिर होतात. त्यानंतर स्वच्छ पाण्यानं धुतलं. ही पायरी अनेकजण गाळतात. आम्लाचा अंश मागे राहिला तर वरचं इपॉक्सी प्रायमर नीट पकत नाही, चिकट राहतं किंवा महिन्याभरात सोलून निघतं. पाणी लागताच हेअर ड्रायर दहा मिनिटं चालवला आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घेतलं. इथून पुढं घड्याळाकडं लक्ष ठेवावं लागतं. किनाऱ्यावरच्या हवेत उघडा पत्रा तासा-दोन तासांत पिवळसर पडायला लागतो, तेव्हा प्रायमर त्याआधी बसला पाहिजे.

दिवस कोणता निवडला

हे सगळं ऑक्टोबरात नव्हे, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात केलं. ऑक्टोबरात फक्त चिखल काढला, भोकं मोकळी केली आणि कमान धुऊन सुकवली. दोन महिन्यांत गंज फारसा वाढत नाही, पण दमट हवेत मारलेला रंग मात्र हमखास बिघडतो.

नियम साधा आहे: पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन बसतं त्यापेक्षा, किमान 3 अंशांनी जास्त हवं. पावसाळ्यातल्या 27 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेच्या दिवशी दवबिंदू 25.2 असतो, म्हणजे फरक दोन अंशांहून कमी. त्यात थिनर उडताना पृष्ठभाग आणखी थंड होतो, हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं आणि रंगावर पांढरी, दुधाळ झाक येते. कामाच्या दिवशी सकाळी अकराला 31 अंश आणि 58 टक्के होतं, दवबिंदू 22 च्या आसपास. नऊ अंशांचं अंतर. अकरा ते तीन एवढ्या वेळातच प्रायमर आणि रंग उरकले. संध्याकाळी हवा दमट व्हायला लागली की रंगकामाला हात घालू नये.

इपॉक्सी प्रायमर दोन भागांचं. डब्यावर प्रमाण 4:1 होतं, म्हणून सुई काढलेल्या सिरिंजनी 8 मिलिलिटर बेस आणि 2 मिलिलिटर हार्डनर, म्हणजे बेसला पकवणारा दुसरा भाग, मोजून घेतला. अंदाजानं ओतू नये, एवढ्या लहान मापात अर्धा मिलिलिटर इकडेतिकडे झाला तरी प्रायमर मऊ राहतं. ढवळून पंधरा मिनिटं तसंच ठेवलं आणि मऊ ब्रशनं दोन पातळ हात दिले, मध्ये तासाभराचं अंतर. आतल्या ओठावर जाणूनबुजून जाड दिलं, कारण चिखल तिथंच बसणार. 24 तास सुकू दिलं. जो किंचित खोलगटपणा राहिला त्यावर पुट्टीचा अर्ध्या मिलिमीटरचा हात फिरवला, इपॉक्सीवर, उघड्या पत्र्यावर नाही. 180 च्या पेपरनं सपाट, 320 च्या पेपरनं गुळगुळीत, पुट्टी झाकायला इपॉक्सीचा आणखी एक हात आणि तो पकल्यावर 600 च्या ओल्या पेपरनं हलकं घासणं.

जिथं चुकलं

रंग गाडीच्या कोड-पट्टीवरच्या नंबरावरून दुकानात मिसळून 100 मिलिलिटर घेतला आणि स्प्रे कॅनमध्ये भरून आणला. प्रायमरच्या जागेवर पहिला हात छान बसला. दहा मिनिटांनी वरच्या कडेला, प्रायमरच्या बाहेर, जुन्या रंगावर सुरकुत्या उठल्या. उकळलेल्या दुधावरच्या सायीसारखा रंग गोळा झाला.

कारण जानेवारीच्याच कामात होतं. त्या गॅरेजनं हार्डनर नसलेला एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंग मारलेला होता आणि तो फोडापासून बराच लांबपर्यंत ओढलेला होता. एन.सी. रंग सुकतो, पकत नाही. त्यावर पुन्हा तेज थिनरचा रंग पडला की तो विरघळून उचलतो. हे आधी कळायला हवं होतं, आणि त्याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. कापसाच्या काडीला एन.सी. थिनर लावून संशयित जागेवर दहा सेकंद दाबायची आणि पुसायची. काडीला रंग आला तर तो एन.सी., नाही आला तर कारखान्याचा किंवा हार्डनरचा. आधी कुठलीही दुरुस्ती झालेल्या गाडीवर ही परीक्षा घासण्याच्याही आधी करावी. या प्रकरणात ती नंतर केली आणि जुन्या कामाची हद्द उघडी जागा सोडून वरच्या बाजूला आणखी लांबवर सापडली.

सगळं दोन दिवस सुकू दिलं. मग एन.सी. चा पूर्ण पट्टा थिनरच्या फडक्यानं आणि 320 च्या पेपरनं कारखान्याच्या थरापर्यंत काढला. इपॉक्सी थिनरला बधलं नाही, ते तसंच राहिलं. आता कामाची जागा 90 मिलिमीटर झाली.

दुसऱ्या वेळी चिकटपट्टी कडेला सपाट न लावता उलटी दुमडून लावली, म्हणजे रंगाची कड धारदार बसत नाही, विरत जाते. चंदेरी रंगाचे तीन पातळ हात, 20 सेंटिमीटरवरून, प्रत्येकात दहा मिनिटांचं अंतर. शेवटचा हात 30 सेंटिमीटरवरून, अगदी उडता. मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात. ओल्या, जाड थरात ते वेडेवाकडे बसतात आणि तो भाग काळपट दिसतो. उडत्या हातानं ते सारखे पसरतात आणि छटा शेजारच्या रंगाजवळ येते. चंदेरी रंगाची दुरुस्ती पांढऱ्यापेक्षा अवघड ती यामुळेच. कोड बरोबर असूनही हात चुकला की ठिगळ दिसतं.

त्यावर दोन भागांच्या क्लिअरचे दोन हात. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना बाधतं. कापडी मास्क इथं निरुपयोगी आहे, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच लागतो आणि काम उघड्यावर करायचं. तो मिळत नसेल तर क्लिअरपुरतं काम स्प्रे बूथ असलेल्या पेंटरकडं द्यावं. प्रायमरपर्यंतची मेहनत आपली झाली असेल तर तोही आनंदानं करतो.

टवके आणि दार

टवक्यांचं काम बारीक, पण सोपं. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मेण काढलं. पत्र्यापर्यंत गेलेल्या पाच टवक्यांत सुईच्या टोकानं गंज खरवडला, उचललेली कड तोडून टाकली, टूथपिकनं आम्लाचा थेंब लावून पंधरा मिनिटांनी पाण्यानं पुसला, सुकवला आणि इपॉक्सीचा ठिपका दिला. प्रायमरपर्यंतच्या नऊ टवक्यांना या पायऱ्यांची गरज नव्हती. मग सगळ्यांत टूथपिकच्या टोकानं रंग सोडला. बाटलीतला ब्रश वापरू नये, तो टवक्याच्या तिप्पट जागेवर रंग फासतो. एका थेंबात खड्डा भरण्याचा मोह टाळायचा. थिनर उडाल्यावर थेंब बसतो, म्हणून तीन-चार पातळ थेंब, अर्ध्या अर्ध्या तासानं, बाटली प्रत्येक वेळी हलवून. वर क्लिअरचे दोन थेंब, किंचित उंच राहतील असे.

सात दिवस थांबल्यावर उंचवटे बसवले. पेन्सिलच्या मागच्या रबराला 2000 नंबरच्या पेपरची चकती चिकटवली आणि साबणाच्या पाण्यात बुडवून फक्त उंचवट्यावर फिरवली. भोवतालचा क्लिअर मंद व्हायला लागला की लगेच थांबायचं, तिथं घासायला जास्त जाडी नाही. शेवटी रबिंग कंपाउंड, म्हणजे चकाकी आणणारी घासायची पेस्ट. उभं राहून पाहिलं तर टवके दिसत नाहीत, वाकून शोधलं तर काळसर ठिपका दिसतो. थेंबानं लावलेल्या मेटॅलिक रंगाची ही मर्यादा आहे आणि ती मालकीणबाईंना आधीच सांगितलेली होती.

दाराचं आतलं पॅनेल काढलं: तीन स्क्रू, बाकी प्लास्टिकच्या क्लिपा. त्यामागचा प्लास्टिकचा पडदा फाडू नये, काळा चिकट गोंद सावकाश ताणून सोडवावा, कारण तो पडदाच पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. बुजलेली भोकं नायलॉनच्या केबल टायनं मोकळी केली. लोखंडी तार घातली तर भोकाच्या कडेचा रंग खरवडतो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. लिटरभर पाणी आतून सोडून तिन्ही भोकांतून वाहतंय हे पाहिलं आणि काच खाली ठेवून दोन दिवस उन्हात सुकवलं. मग लांब नळीनं खालच्या घडीत सुमारे 70 मिलिलिटर कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत सोडायचं गंजरोधक मेण) सोडलं आणि त्यानं भोकं बुजली नाहीत ना हे पुन्हा पाहिलं. बाहेरच्या कडेवर वॅक्सच्या आधीच कमानीसारखं काम उरकलेलं होतं, म्हणजे घासणं, आम्ल, धुणं, इपॉक्सी, रंग, क्लिअर. क्रम महत्त्वाचा: बाहेरचं काम पुरं करून मग वॅक्स. आधी वॅक्स सोडलं तर ते घडीतून पाझरून बाहेरच्या कडेवर येतं आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही.

गाडीखाली मारतात ते डांबरासारखं काळं कोटिंग कमानीत मारून द्या, अशी मागणी झाली होती. ते मारलं नाही. नव्या, स्वच्छ पत्र्यावर ते चालतं. जुन्या पत्र्यावर दोन-तीन वर्षांत ते कडक होऊन तडकतं, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि काळ्या रंगाखाली गंज दिसतही नाही. ओठावर मेणाचं कोटिंग दिलं, जे मऊ राहतं आणि दर ऑक्टोबरात पुसून पुन्हा लावता येतं.

पुढच्या पावसाळ्यानंतर

तपासणी बरोबर पुढच्या ऑक्टोबरात झाली. कमान स्वच्छ. ओठावर पुन्हा थोडा चिखल होता, पण तो मेणावर बसलेला, पाइपाच्या पाण्यानं निघून गेला. टोच्यानं दाबल्यावर कुठंच पोकळ लागलं नाही. तिरप्या उन्हात पाहिलं तर क्लिअर विरतो ती रेषा ओळखू येते. त्या जागी पत्र्याला घडी नाही, त्यामुळे ती लपवायला पूर्ण पॅनेलवर क्लिअर मारावा लागला असता आणि तेवढ्यासाठी कारखान्याचा चांगला थर घासणं पटलं नाही.

पत्र्यापर्यंतच्या पाच टवक्यांपैकी चार ठीक. नेलपॉलिश लावलेल्या दोनांपैकी एकाभोवती केसाएवढी तपकिरी कड दिसली, म्हणजे तिथं गंजाची कड पुरती सापडली नव्हती. तो टवका 6 मिलिमीटरपर्यंत उघडून पुन्हा केला. दाराच्या खालच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा एक डाग उठला आहे. घडीच्या आत पेपर पोचत नाही, त्यामुळे तिथला गंज थांबत नाही, फक्त मंद करता येतो. वॅक्सचा दुसरा हात दिला आणि दाराची भोकं आता दरवर्षी मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, केबल टायनं तपासायची असं ठरलं. मालकीणबाईंनी तो केबल टाय डॅशबोर्डच्या कप्प्यात, पीयूसीच्या कागदाशेजारी ठेवून दिला आहे.